गाडी वळणावर झुकत का नाही?

मोटारसायकलवर बोलायला एका कवीला कशाला बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तो रास्त आहे. खुलासा एवढाच, की मराठी घेऊन मी बी.ए. झालो ते पुढे. माझं पहिलं शिक्षण वडिलांच्या सायकलच्या दुकानात झालं. रिमचा आउट काढणं, हँडलचे छर्रे रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा ग्रीसमध्ये बसवणं, ही कामं मी शाळेच्या दप्तराबरोबरच शिकलो. आणि दुचाकी, मग ती पोस्टमनची सायकल असो की कॉलेजच्या पोरांची स्पोर्ट्स बाइक, वळते एकाच नियमाने.

तक्रार अशी असते. गाडी सरळ रस्त्यावर बाणासारखी जाते, पण वळण आलं की हट्टाला पेटते. झुकवायला गेलं तर रेटावी लागते, आणि रेटून झुकवली तरी पुन्हा उभी राहायला बघते. तरुण मुलं ही तक्रार हसत हसत सांगतात, जणू गाडीचा स्वभावच तिखट आहे. पण दुचाकी झुकली नाही तर वळत नाही, आणि वळली नाही तर ती कुठे जाते, याचा विचार करा. आपण डाव्या बाजूने चालणारी माणसं. डाव्या वळणावर न झुकलेली गाडी रेघ ओलांडून समोरून येणाऱ्यांच्या वाटेत जाते. उजव्या वळणावर ती डावीकडच्या खडीत, कठड्यावर किंवा कठडा नसेल तिथे त्याच्याही पलीकडे जाते.

माझा भाचा औषध कंपनीचा एम.आर. आहे. सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर हा त्याचा भाग. पगार सुरू झाल्यावर त्याने कर्ज काढून एक वापरलेली स्पोर्ट्स बाइक घेतली. पुढे वाकून बसायची, मागे शेपटी वर केलेली. २०२३च्या दिवाळीनंतर पसरणीचा घाट चढताना एका डाव्या वळणावर ती झुकलीच नाही. पलीकडच्या बाजूला गेली, आणि वरून एसटी उतरत होती. चालकाने वेळेवर ब्रेक मारला म्हणून गोष्ट घरी सांगण्यापुरती राहिली. माझ्या बहिणीने त्याच रात्री गाडी विकायचं फर्मान काढलं. गाडी विकली तर भाग कसा फिरायचा, आणि हप्ते कुठून भरायचे, हे त्या फर्मानात नव्हतं.

तोवर त्याला सल्ले भरपूर मिळाले होते. एका गॅरेजने पुढचे शॉकअप नवे टाकायला सांगितले. दुसऱ्याने सांगितलं, गाडीत काही नाही, तू घाबरतोस. मित्र म्हणाले, सीटवरून अंग बाहेर काढ, गुडघा रस्त्याला टेकव, टीव्हीवर रेसवाले करतात तसं. या तिघांपैकी एकानेही गाडीला हात लावून पाहिलं नव्हतं. नाडी न बघता औषध लिहून देणारे वैद्य मला आवडत नाहीत.

आधी झुकायचं का, ते बघू. वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर असतो. तो तोलायला गाडीला आत कलावं लागतं, आणि किती कलायचं हे वेग आणि वळणाचा आखूडपणा ठरवतात. घाटातलं वीस मीटर त्रिज्येचं एक वळण धरा. ताशी ३६ किलोमीटरने गेलात तर गाडी साधारण २७ अंश कलली पाहिजे. ४५ने गेलात तर ३८-३९ अंश. ५४ने गेलात तर ४९. वेग दीडपट झाला की कलणं जवळजवळ दुप्पट होतं. शेवटचा आकडा रस्त्यावरच्या साध्या गाडीला आणि साध्या माणसाला झेपणारा नाही. म्हणजे कधी कधी गाडी निर्दोष असते, वेगच जास्त असतो. पण भाचा त्या दिवशी चाळिशीच्या आत होता, आणि मागे नमुन्यांची बॅग बांधलेली असताना तो उगाच पळवणाऱ्यांतला नाही.

आता झुकवायची कशी? इथे मोठी गंमत आहे. विचारलं तर दहांतले नऊ जण सांगतील, अंग कलवलं की गाडी कलते, आणि मग हँडल वळवायचं. प्रत्यक्षात चालत्या गाडीला डावीकडे न्यायचं तर आपण हँडलची डावी मूठ हलकेच पुढे रेटतो. म्हणजे पुढचं चाक क्षणभर उजवीकडे वळतं. चाक उजवीकडे सरकलं, अंग मागे राहिलं, की गाडी डावीकडे कलते. हे आपण सगळे सायकल शिकल्यापासून करतो आणि कुणालाच ठाऊक नसतं. विमान उडवणारे राइट बंधू मूळचे अमेरिकेतल्या डेटन गावचे सायकलवाले. थोरल्या विल्बरने ही गोष्ट हेरली होती. त्याने कित्येक सायकलस्वारांना विचारलं, तुम्ही वळता कसे, तर कुणालाच पहिल्या झटक्यात नीट सांगता येईना.

कीथ कोड नावाचे मोटारसायकल शिकवणारे एक अमेरिकी गुरू आहेत. त्यांनी एका गाडीला नेहमीच्या हँडलशिवाय दुसरं एक हँडल बसवलं. ते थेट सांगाड्याला पक्कं जोडलेलं, अजिबात न फिरणारं. शिष्याला सांगायचं, आता हे धर आणि नुसतं अंग कलवून गाडी वळव. गाडी थोडी डुलते, जरा भरकटते, पण हवी तिथे, हवी तेव्हा वळत नाही. मित्रांनी दिलेला अंग बाहेर काढण्याचा सल्ला किती कामाचा, ते यावरून समजावं.

झुकल्यानंतर आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते सगळ्या रोगाची किल्ली तिथेच आहे. गाडी डावीकडे कलली की तिचं हँडल आपणहून थोडं डावीकडे वळतं आणि गाडीला सावरतं. चाक भोवऱ्यासारखं फिरतं म्हणून दुचाकी उभी राहते, असं आपण ऐकलेलं असतं. ते पूर्ण खरं नाही. २०११ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक चमत्कारिक सायकल मांडली. उलट फिरणारी चाकं जोडून तिच्यातला भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला होता. तरी नुसती ढकलून दिली की ती स्वाराशिवाय तोल सावरत जायची. कारण ज्या बाजूला ती पडू लागे, त्या बाजूला तिचं हँडल स्वतःच वळे.

म्हणजे वळणावर हँडलला दोन बारीक हालचाली करायच्या असतात. एक आपण सांगतो ती, दुसरी त्याची त्याने करायची. दोन्हींसाठी ते मोकळं हवं. हँडलला जिथे जिथे अडसर येईल, तो अडसर आपल्या हाताला 'गाडी झुकत नाही' असाच जाणवतो. म्हणून शोध पुढून सुरू करायचा, फुकटाच्या गोष्टींपासून सुरू करायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर दुखणं कशाचं होतं ते कळत नाही.

मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "हवा कधी बघितलीस?"

"मामू, टायर तर भरलेला दिसतोय."

हाच घोटाळा. ट्यूबलेस टायरच्या कडा एवढ्या ताठ असतात, की हवा तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली तरी बघून समजत नाही. त्याच्या गाडीच्या स्टिकरवर पुढच्या चाकाला २९ आणि मागच्या चाकाला ३३ पौंड लिहिलेलं होतं. पुढच्या चाकात भरली १९. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरून बसतो, हँडल जड होतं, आणि कललेली गाडी परत सरळ व्हायला ओढते. हवा टायर थंड असताना बघायची, पाच-सात किलोमीटर पळवून आणल्यावर नाही. गरम टायरचा आकडा फुगलेला येतो. आणि 'घाटात जायचंय, जरा जास्त मारा' असंही करू नये. हँडल हलकं वाटेल, पण टायरची पकड कमी होईल. मोठ्या, सहाशे-हजार सीसीच्या गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ हा आकडा पुष्कळदा असतो. तो ऐकून लहान गाडीत भरू नका. आपल्या गाडीचा आकडा आपल्याच गाडीवर लिहिलेला असतो.

हवा भरून भाचा फिरून आला. म्हणाला, निम्मं दुखणं गेलं. मग आम्ही उरलेलं निम्मं घेऊन आमच्या पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी गाडी मागे स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने पुढचं चाक अधांतरी उचललं, आणि आम्हा दोघांना दोन्हीकडून धरायला लावलं. हे घरी एकट्याने करू नये, गाडी अंगावर येते. मग हँडल सरळ ठेवून त्याला एका बोटाने जरासं ढकललं. निरोगी हँडल अशा वेळी स्वतःच्या वजनाने कडेला कलंडतं, अगदी सावकाश, न अडखळता. भाच्याच्या गाडीचं हँडल बरोबर मध्यावर 'टक' करून बसलं. हलवलं तर हललं, सोडलं तर पुन्हा तिथेच.

मला हा 'टक' बापाच्या दुकानापासून ओळखीचा. हँडलच्या नळीत वर-खाली जे छर्ऱ्यांचे पेले असतात, त्याला सायकलवाले आणि मोटारसायकलवाले सारखंच 'कोनसेट' म्हणतात. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते, आणि खड्ड्यांचे ठोके छर्ऱ्यांवर त्याच एका जागी बसत राहतात. पेल्यांत बारीक खळगे पडतात. हँडल मध्यावर आलं की छर्रे त्या खळग्यांत जाऊन बसतात. त्यात आधीच्या मालकाच्या कुणा मेकॅनिकने आवाज घालवण्यासाठी वरचा नट कचकावून आवळला होता. झिजलेल्या कोनसेटचा आवाज घट्ट आवळून जातो खरा, पण त्याबरोबर हँडलचा मोकळेपणाही जातो. उस्तादांनी नवा कोनसेट टाकला. आवळल्यावर दोन परीक्षा घेतल्या: हँडल आपोआप कलंडलं पाहिजे, आणि पुढचे शॉकअप खालून धरून मागे-पुढे हलवले तर 'खट' वाजता कामा नये. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते, आणि ती हाताने ओळखणाऱ्या माणसाला मी पंडित मानतो.

चाक वर होतंच, म्हणून त्यांनी ते फिरवूनही पाहिलं. पुढचा ब्रेक चिकटत असेल तर चाक घासत थांबतं, आणि अशी गाडी वळणात सतत उभी राहायला बघते. भर वळणात आपण पुढचा ब्रेक दाबला तरी गाडी अशीच उभी होते; म्हणूनच ब्रेक वळणाच्या आधी मारून घ्यावा. भाच्याचा ब्रेक ठीक होता. स्टिअरिंग डॅम्पर म्हणून हँडल थरथरू नये यासाठी एक दट्ट्या काही गाड्यांना असतो, काही जण हौसेने बाहेरून बसवतात. तो जास्त कडक केला तर हाच त्रास होतो. हँडल बदलून घेणाऱ्यांच्या क्लचच्या आणि रेसच्या केबलीही कधी कधी ताणल्या जाऊन अडतात.

मग मागचा टायर. आधीचा मालक ही गाडी मुंबई-पुणे पट्ट्यात सरळ रस्त्यांवर चालवत असे. टायर मधोमध झिजून सपाट झालेला, आणि दोन्ही कडांची नक्षी मात्र जवळजवळ नवी. वरवंटा गोल असतो म्हणून पाट्यावर सहज फिरतो. त्याला एका बाजूने सपाटी आली तर तो त्या सपाटीवर बसून राहतो आणि कडेवरून उलटवायला जोर लागतो. तो उलटतो तेव्हा धपकन उलटतो. सपाट टायरची गाडी हेच करते. आधी झुकत नाही, आणि झुकली की एकदम झुकते. घाबरलेला माणूस त्या क्षणी हँडल आवळून धरतो.

शिवाय तो टायर कंपनीच्या मापापेक्षा एक आकार रुंद होता. रुंद टायर मागून दिसायला रुबाबदार, हे मला मान्य आहे. पण तितकंच वळण घ्यायला रुंद टायरवर गाडी थोडी जास्त झुकवावी लागते, आणि ती झुकते सावकाश. त्यात अरुंद रिमवर चढवला की टायरचा मूळचा आकारही बिघडतो. रुबाबासाठी पैसे मोजून गाडी जड करून घ्यायची, हा सौदा मला कधी समजला नाही.

राहिली गाडीची बैठक. ऑफिसच्या खुर्चीचं किंवा मॉलमधल्या ट्रॉलीचं छोटं चाक बघा. त्याचा टेकू चाकाच्या थोडा पुढे असतो, म्हणून चाक आपोआप मागे राहतं आणि सरळ धावतं. मोटारसायकलच्या पुढच्या चाकातही ही युक्ती असते. स्पोर्ट्स बाइकचे पुढचे शॉकअप साधारण २४-२५ अंश कललेले असतात आणि हा 'मागे राहण्याचा' पल्ला शंभर मिलिमीटरच्या आसपास असतो. लांबलचक क्रूझर गाड्यांत दोन्ही आकडे बरेच मोठे. त्या सरळ छान जातात, वळायला आळस करतात. आता गाडीची मागची बाजू खाली गेली, तर पुढचे शॉकअप जास्त कलतात आणि स्पोर्ट्स बाइक क्रूझरकडे झुकू लागते. मागची बाजू फक्त दहा मिलिमीटर खाली गेली, तरी तो कोन अर्ध्या अंशाच्या जवळपास बदलतो. पाय पुरावेत म्हणून मागची उंची कमी करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. भाच्याची उंची भरपूर आहे, पण त्याची नमुन्यांची बॅग थेट शेपटीवर बांधलेली असे. ती अर्धी केली, जड बाटल्या पाठीवरच्या सॅकमध्ये घेतल्या, आणि मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक खाच घट्ट केली.

एवढं सगळं झाल्यावर गाडी बरी झाली. भाचा मात्र झाला नव्हता. मी मागून माझ्या स्कूटरवर होतो, आणि मला त्याची कोपरं दिसत होती, काठीसारखी ताठ. एसटी समोर आली त्या दिवसापासून तो प्रत्येक वळणावर दोन्ही मुठी गच्च आवळून धरत होता. डाव्या हाताने रेटायचं आणि उजव्या हाताने त्याच वेळी अडवायचं. कोनसेट नवा टाकला, पण हँडल अजून घट्टच होतं. आता ते खांद्यांनी घट्ट होतं. स्पोर्ट्स बाइकवर पुढे वाकून बसावं लागतं, त्यामुळे सवय नसेल तर छातीचा सगळा भार मनगटांवर येतो. तो भार गुडघ्यांनी टाकी दाबून आणि पोट-पाठ ताठ ठेवून धरायचा असतो.

मग आम्ही दोन रविवार सकाळी एका रिकाम्या मैदानात घालवले. ताशी तीस-पस्तीसने सरळ जायचं. कोंबडीने पंख फडफडवावेत तशी कोपरं हलवून बघायची. हलत नसतील तर हात ताठ आहेत. मग डावी मूठ अगदी हलकेच पुढे दाबायची, उजवा हात नुसता ठेवलेला. गाडी डावीकडे झुकली. त्याने पुन्हा केलं, ती पुन्हा झुकली. तिसऱ्यांदा तो हेल्मेटच्या आत हसला, ते मला आवाजावरून समजलं. हा प्रयोग घाटात किंवा वाहत्या रस्त्यावर करू नका. मैदान शोधा, आणि हेल्मेट-बूट घालूनच करा. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची, समोरच्या कठड्याकडे नाही. माणूस जिकडे बघतो तिकडेच त्याचे हात जातात.

गाडी एकाच बाजूला झुकत नसेल, तर प्रकरण वेगळं. बहुतेक माणसांची एक बाजू कच्ची असते. आपल्याकडे ती पुष्कळदा उजवी निघते, कारण उजव्या वळणावर डोकं रस्त्याच्या मधल्या रेघेवर झुकतं आणि समोरच्या ट्रकची भीती वाटते. म्हणून आधी दुसऱ्या एखाद्या जाणत्याला गाडी चालवायला द्यावी. त्यालाही तीच बाजू जड लागली तर दोष गाडीत आहे: मागचं चाक चेन घट्ट करताना तिरकं बसलंय, किंवा जुन्या अपघातात सांगाडा वा शॉकअप वाकलाय. चेनच्या ॲडजस्टरवरच्या खुणांवर फार भरवसा ठेवू नये. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना लागून दोन दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत ताणाव्यात. पुढचं चाक दोन्ही दोऱ्यांपासून सारख्या अंतरावर आलं पाहिजे. आमच्या दुकानात सायकलीला हेच करत असू, सुतळीने.

वापरलेली गाडी घेणार असाल तर टायरच्या कडेवर लंबगोलात कोरलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. भाच्याच्या पुढच्या टायरवर ३११६ होतं. विकणाऱ्याने तो 'आत्ताच टाकलाय' म्हणून सांगितलं होतं.